खुरावरची खाच

फार जुनी गोष्ट आहे. इतकी जुनी, की कुलूप नावाची वस्तू तेव्हा नुकतीच बाजारात आली होती, आणि कुणाच्या दाराला ती दिसली की लोक थबकून विचारायचे, "आत कुणी आजारी आहे का?"

त्या काळी एका डोंगराच्या पायथ्याशी भाताचं एक गाव होतं. घरं पन्नास, गुरं तीनशे. माणसं भांडत, रुसत, चार दिवसांनी पुन्हा बोलत, तुमच्याआमच्या गावात होतं तसंच. या गावाचा एक कारभारी होता. कामाला वाघ, शब्दाचा पक्का, हाताचा स्वच्छ. खोड एकच. त्याला कुणाचंही खरं वाटत नसे.

कुणी रामराम केला, तर हा मनात म्हणे, याला काय हवंय? नाही केला, तर म्हणे, यानं काय दडवलंय? शेजारणीनं वाटीभर भाजी पाठवली, तर आधी मांजराला घाली. मांजर धडधाकट राहिलं तरी म्हणे, मांजराला पचतं ते माणसाला पचेलच असं नाही. तोवर कारभारीण जेवून, वाटी धुऊन, परत देऊनही यायची.

"अवं," ती म्हणायची, "त्या सावलीला तरी इचारा, का म्हून माझ्या मागं लागलीस."

कारभारणीकडे एक गाय होती. पोवळ्यासारखी लाल, म्हणून नाव पवळी. लग्नात माहेराहून वासरू म्हणून आली होती. पुढे एका वर्षी नदीला मोठा पूर आला आणि कारभारणीचं माहेर माणसांसकट वाहून गेलं. माहेरचं म्हणावं असं या जगात पवळी तेवढी उरली. गावातली निम्मी गुरं आता तिच्याच वंशाची होती. दुपारी कारभारीण तिच्या गळ्याला हात घालून बसायची, आईजवळ बसावं तशी. आणि खरं सांगायचं तर साऱ्या गावात कारभाऱ्याचाही विश्वास होता तो एकट्या पवळीवर. गाईला बोलता येत नाही, म्हणजे खोटंही बोलता येत नाही, असं तो म्हणायचा.

एके वर्षी भाताची झोडणी झाली आणि ज्याच्या त्याच्या अंगणात, लाकडी माचावर, रचलेल्या पेंढ्यांच्या उडव्या उभ्या राहिल्या. एका सकाळी दोन उडव्यांच्या पेंढ्या कमी दिसल्या. सुटलेल्या कालवडींनी खाल्ल्या होत्या. त्यांच्या तोंडाला काड्या लागलेल्या सगळ्यांनी पाहिल्या. कारभाऱ्यानंही पाहिल्या. पण तो म्हणाला, "कालवडीच्या तोंडाला काड्या लावून ठेवणं चोराला अवघड हाय व्हय?"

यापुढे काय बोलणार? गावाच्या वेशीजवळ एक जुनी दगडी कोठी होती. कारभाऱ्यानं साऱ्या गावाचा पेंढा तिथे भरायला लावला. त्या वर्षी पाऊस मागे रेंगाळला होता आणि पेंढा ओला होता. जाणते शेतकरी म्हणाले, "कारभारी, चार दिस उन्हं खाऊ द्या त्याला."

"उन्हात पसरलेला पेंढा म्हंजी चोराला आवतन," कारभारी म्हणाला.

ओलाच पेंढा आत रचला गेला. खिडक्या चिखलानं लिंपल्या. दाराला कुलूप लागलं. किल्ली कारभाऱ्याच्या कमरेला. रोज सकाळी तो दार अर्धं उघडायचा, आत स्वतः जायचा आणि प्रत्येकाच्या हातात पेंढ्या द्यायचा. आठ दिवसांतच एक जण म्हणाला, "कारभारी, कुबट वास येतोय." त्यावर कारभाऱ्यानं त्याच्याकडे असं पाहिलं, की त्याला आपल्याच नाकाची लाज वाटली. दुसऱ्या दिवशीपासून वास सगळ्यांना येत होता, पण बोललं कुणीच नाही. जो तक्रार करतो त्याच्या पोटात काहीतरी आहे, असं आता सगळ्यांनाच वाटू लागलं होतं. खोड मोठ्या माणसाची असली की तिला गुण म्हणतात आणि गाव ती उचलतं.

आता गोष्टीतलं तिसरं माणूस. गावाच्या खाली, ओढ्याच्या काठी, वाऱ्याच्या उतरत्या अंगाला एक म्हातारी राहायची. तिला सगळे खुरवाली म्हणत. गाव तिच्या झोपडीपासून लांब राही, कारण तिच्या कामाला वास होता. पण तिच्या हातची वस्तू नाही असं एकही घर गावात नव्हतं.

गाईबैलाचा खूर दुभंगलेला असतो. एका पायाला दोन नख्या. चार पायांना आठ. जनावर मेलं की धनी त्या आठ नख्या खुरवालीकडे पोचवायचा. ती त्या दोन दिवस ओढ्यात भिजत घालायची आणि मग मोठ्या मडक्यात उकळायची. आत हाड असतं, वर खुराचं कवच. नीट उकळलं की कवच हाडावरून सुटतं. ते गरम असतानाच चिरून, उलगडून, दोन तापल्या दगडांमध्ये दाबलं, तर सपाट पान तयार होतं. पण त्या वेळी गार वाऱ्याची एक झुळूक लागली की ते तडकतं. म्हणून मडकं चुलीवर असेतो तिचं दार बंद असायचं. मग खरवडणं, वाळूनं घासणं, राखेनं घासणं, शेवटी करडईच्या तेलानं चोळणं. त्यातून फण्या व्हायच्या, विळ्याच्या मुठी, अंगरख्याची बटणं, कुंकवाच्या करंड्यांची झाकणं. उरलेला चुरा शिजवून ती लाकूड चिकटवायचा सरस करायची आणि सुताराला द्यायची. आठांतल्या सात नख्या तिच्या. आठवीची वस्तू करून ती धन्याला परत द्यायची. हा तिथला रिवाज होता. बैल जायचा, पण त्याची फणी घरात राहायची.

किती उकळायचं हे ती ओव्यांवर मोजायची. दहा ओव्या म्हटल्या की एक खडा बाजूला. दहावा खडा पडला की निरोगी जनावराचा खूर सुटला म्हणून समजावं. ओवी साधीच होती:

चालून चालून, खूर झिजले गाईचे,
उपकार पायाचे, डोई घेते.

तिच्या फण्या बायकांच्या केसांत फिरत, म्हणून डोई. पण बंद दाराबाहेरून जाणाऱ्याला ऐकू यायचं ते नुसतं पुटपुटणं. इतकी वर्षं त्याचं कुणाला काही वाटलं नव्हतं. वाटायला आधी मनात जागा लागते, आणि ती आता झाली होती.

थंडी पडली तसा गावातला एक बैल लंगडायला लागला. कानाची टोकं काळी पडली, शेपटीचा गोंडा झडला आणि एके दिवशी तो बसला तो उठलाच नाही. त्याच्या नख्या खुरवालीकडे गेल्या. तिनं मडकं ठेवलं, दार लावलं, ओव्या सुरू केल्या. तिसरा खडा बाजूला ठेवला आणि सहज काठीनं चाचपलं, तर कवच सुटून पाण्यावर तरंगत होतं. म्हातारीनं कवच उजेडात धरलं. वरच्या कडेजवळ, केस संपतात त्याच्या थोडं खाली, बोटाला लागेल अशी एक आडवी खाच होती.

आठवड्यात दुसरा बैल गेला, मग एक म्हैस. म्हशीचाही खूर तिसऱ्या खड्याला सुटला. खाचही तशीच.

मग म्हातारीनं एक चूक केली. चूक म्हणजे काय, ती गावात आली आणि विचारायला लागली. "तुमचं जनावर कवापास्नं लंगडतंय? कान बघू. पाय उचल गं बाई, बघू दे." ती गोठ्यागोठ्यांत वाकून खूर बघायची. स्वाभाविकच ती आजारी जनावरांपाशी जास्त थांबायची. आणि आजारी होती तीच जनावरं पुढे मरायची. कावळा बसायला आणि फांदी मोडायला एकच गाठ पडावी, तसं झालं. लोकांना वाटलं, म्हातारी जिथे हात लावते तिथे जनावर मरतं.

"मेलेल्या जनावराचे खूर कुणाला मिळतात?" कारभाऱ्यानं पारावर विचारलं. उत्तर त्यानं दिलं नाही. द्यायची गरजही नव्हती.

एका सकाळी म्हातारी कारभाऱ्याच्याच गोठ्यात आली. कारभारीण शेण काढत होती. पवळी उभी होती, पण मागच्या डाव्या पायावर भार देत नव्हती. म्हातारीनं गुडघ्यावर बसून तो पाय मांडीवर घेतला, पदरानं खूर पुसला आणि बराच वेळ बघत राहिली. मग तिनं गव्हाणीतला पेंढा मूठभर उचलून नाकाला लावला.

"लेकी," ती म्हणाली, "हिला ही वैरण घालू नगंस. डोंगराचं गवत घाल. अजून वेळ हाय. जगंल ही."

"खरं म्हंतीस, मावशे?" कारभारणीनं विचारलं.

"खूर खोटं बोलत न्हाय. फकस्त ती कोठी एकडाव मला बघू दे."

कारभारी दारातच उभा होता. कोठी हा शब्द कानावर पडताच त्याच्या डोक्यात सगळं जुळलं. असं त्याला वाटलं. आधी जनावरं आजारी पाडायची, मग घाबरलेल्या बायकांना सांगायचं वैरण वाईट आहे, मग कोठी उघडायला लावायची.

"कोठी कशापायी बघायची गं तुला?" तो म्हणाला. "कुणी धाडलं तुला?"

"पायानं धाडलं, कारभारी. त्या गाईच्या."

"नीघ."

म्हातारी गेली. कारभारीण विळा घेऊन डोंगराकडे निघाली, तर कारभाऱ्यानं वाट अडवली. "तिनं दाखवलेलं गवत माझ्या गाईला? उद्या म्हंशील तिनं दिलेला लाडूबी खा. त्या डोंगरावर तिनं काय पेरून ठेवलं आसंल, तुला काय ठावं?"

"मग काय घालू?"

"पेंढा घाल. कुलपातला हाय. त्याला कुणाचा हात लागलेला न्हाय."

आणि त्या दिवसापासून पवळीपुढे तो स्वतः पेंढा टाकू लागला, दोन पेंढ्या जास्तच. तो गाईवर माया करत होता हो. मायेनंच घालत होता. हे सांगताना माझाही जीव तुटतो, पण तसंच झालं.

दोन दिवसांनी भर दुपारी कारभारी ओढ्याकाठी गेला. म्हातारीच्या झोपडीतून धूर येत होता, दार बंद होतं, आतून पुटपुटणं ऐकू येत होतं. त्यानं कुडाच्या फटीला डोळा लावला. आत भिंतीवर खुंट्यांची रांग होती. प्रत्येक खुंटीवर कोळशानं एकेका घराची खूण काढलेली: कुणाचा नांगर, कुणाचा तराजू, कुणाची घागर. काही खुंट्यांना एकेक नखी टांगलेली होती. आणि मधोमध कारभाऱ्याच्या घराची खूण, किल्ली, आणि तिच्याखालची खुंटी रिकामी.

आता या खुंट्या तिथे कित्येक वर्षं होत्या. आठवी नखी कुणाची हे विसरू नये म्हणून म्हातारीनं त्या ठोकल्या होत्या. कारभाऱ्याच्या खुणेखाली काही नव्हतं, कारण त्याच्या घरचं जनावर बरेच दिवस मेलं नव्हतं. म्हणजे ती चांगलीच गोष्ट होती. पण कारभाऱ्याला ती रिकामी खुंटी वाट बघत बसलेली दिसली. तो धावतच गावात आला आणि त्यानं सगळ्यांना पारावर बोलावलं.

म्हातारीलाही आणलं. ती भिजल्या हातांनीच आली.

"दार लावून काय पुटपुटतीस?" एकानं विचारलं.

"ओव्या."

"ओव्या दार उघडं ठेवूनबी म्हनता येत्यात," दुसरा म्हणाला.

"माझ्या खुंटीवर काय टांगायचंय तुला?" कारभारी गरजला.

म्हातारीनं सगळ्यांकडे पाहिलं. ती कुणाच्या बाळंतपणात रात्र जागली होती, कुणाच्या मोडल्या पायाला तिनं सरसात बुडवलेली पट्टी बांधली होती. आता प्रत्येक जण शेजाऱ्याच्या तोंडाकडे बघत होता, शेजारी काय बोलतो ते बघून बोलायला.

"मी एकच सांगते," ती म्हणाली. "गाईचा खूर म्हैन्याला तांदळाच्या दाण्याएवढा वाढतो. वरनं खाली. जनावराच्या पोटात वाईट गेलं, की त्या दिशी खुराच्या मुळाशी खाच पडते, अन् मग ती खूर वाढंल तशी खाली सरकते. मेलेल्या जनावराचा खूर घ्या, केसापास्नं खाचेपत्तोर तांदळाचे दाने लावा. किती म्हैन्यामागं दुखणं आलं, ते तुमचं तुमालाच कळंल. मी गोठ्यात पाय ठिवला त्याला आज म्हैनाबी झाला न्हाय."

बोलणं सरळ होतं. मूठभर तांदूळ आणि एक खूर, एवढंच लागणार होतं. पण पारावरचं कुणी उठलं नाही. एक म्हणाला, "हिला एवढं कसं ठावं?" आणि झालं! जिला दुखणं एवढं ठाऊक, तिनंच ते आणलं असणार, हे सगळ्यांना एकदम पटलं. चोर सोडून संन्याशाला सुळी म्हणतात, ते हेच. तिनं गाव सोडावं, असं ठरलं.

दुसऱ्या दिवशी उन्हं वर आली तेव्हा म्हातारी डोक्यावर मडकं, काखेत दोन दगड घेऊन नदीच्या वाटेनं निघाली. कारभारीण वेशीपर्यंत गेली. वेशीवर म्हातारी थांबली, पवळीच्या गोठ्याकडे एकदा पाहिलं आणि नदीकडे वळली.

आता तरी मरणं थांबायला हवी होती. थांबली नाहीत. आठवड्यात चार गुरं गेली. लोक म्हणाले, जाता जाता शाप देऊन गेली. पंधरा दिवसांनी पवळी बसली. कारभाऱ्यानं तिला पाठीला पाठ लावून उठवायचं पाहिलं. कारभारीण तिचं डोकं मांडीवर घेऊन सकाळपासून बसली होती. गाय तिच्या हाताला हुंगत राहिली, आणि संध्याकाळच्या आत गेली.

कारभारीण रडली नाही. ती कारभाऱ्याकडे बघून एवढंच म्हणाली, "माझं माहेर दोनदा वाहून गेलं. पैल्या खेपंला नदीनं नेलं."

कारभाऱ्याला हे शब्द लागले. पण खोड ती खोड. म्हातारीनं पवळीला विष घातलं असणारच, आणि ते खुरात उतरलं असेलच, असं त्यानं धरलं. नख्या दुसऱ्या कुणाच्या हातात द्यायचा तर प्रश्नच नव्हता. त्यानं त्या स्वतःच भिजवल्या आणि तिसऱ्या दिवशी सकाळी अंगणात चूल मांडून मडकं ठेवलं. पण किती वेळ ठेवायचं? ते त्याला कुठे माहीत होतं? तेव्हा पायरीवर बसलेल्या कारभारणीनं, तीन दिवसांत पहिल्यांदाच, तोंड उघडलं आणि ओवी म्हटली. लग्न होऊन आल्यावर फणी करून घ्यायला ती म्हातारीच्या चुलीपाशी बसली होती, तेव्हा ओवी आणि खडे दोन्ही शिकली होती. दहा झाल्या की ती एक खडा बाजूला ठेवत होती.

तिसऱ्या खड्याला पवळीचा खूर सुटला.

कारभाऱ्यानं कवच फडक्यात धरलं, आतून बाहेरून पाहिलं, हुंगलं, ओरबाडलं. विष काही दिसेना. दिसली ती खाच. मग कारभारीण उठली, आत गेली आणि मूठभर तांदूळ आणून तिनं त्याच्यापुढे ठेवले.

कारभाऱ्यानं केसाच्या कडेपाशी एक दाणा ठेवला. त्याखाली दुसरा. त्याखाली तिसरा. तिसऱ्या दाण्याचं टोक बरोबर खाचेत गेलं.

तीन महिने. तो मागे मोजू लागला. म्हातारी गोठ्यात आली त्याला तर तीनच आठवडे झाले होते. तीन महिन्यांपूर्वी काय झालं होतं? तीन महिन्यांपूर्वी त्यानं दगडी कोठीतली पहिली पेंढी पवळीपुढे टाकली होती. मानाची म्हणून, गावात सगळ्यांच्या आधी.

तो उठला आणि कोठीकडे चालू लागला. कारभारीण मागोमाग. त्यानं कुलूप काढलं आणि पहिल्यांदाच दोन्ही दारं सताड उघडली. खिडक्यांचा चिखल पहारीनं फोडला. उजेड आत गेला. पुढची रास काढली, तर मागचा पेंढा काळा पडला होता. त्याच्यावर करडी बुरशी लवेसारखी उभी होती आणि आतून वाफ येत होती. कारभाऱ्यानं हात घातला, तो गरम गाळात गेला.

इथे, मंडळी, एक घडी अशी आली की जिच्यावर सगळं अवलंबून होतं. कोठीजवळ तेव्हा दुसरं कुणी नव्हतं. पेंढा रातोरात जाळून टाकता आला असता. गुन्हेगार ठरवलेली म्हातारी नदीपार होती आणि गावाची खात्री पक्की होती. कारभाऱ्यानं बायकोकडे पाहिलं. तिनं नजर हटवली नाही. मग तो कोठीच्या दारातूनच हाका मारायला लागला, "या रं! समदे या! बघा मी काय केलंय!"

गाव जमलं. त्यानं खूर दाखवला, तांदूळ लावून दाखवले, पेंढा दाखवला. म्हणाला, "म्हातारीचा काही दोष न्हाय. ह्यो पेंढा मी वला भरला. दुखणं माझ्या किल्लीनं आलं." पेंढा जाळला. माणसं डोंगरावर धावली, मिळेल ते गवत कापून आणलं. पुढच्या पंधरा दिवसांत मरणं थांबली. बाकीची गुरं वाचली.

आता गावानं कारभाऱ्याला माफ केलं असेल, किंवा चार शिव्या देऊन सोडलं असेल, असं तुम्हांला वाटेल. मलाही वाटलं असतं. पण गाव आता संशयावर वाढलेलं होतं. चार दिवसांत पारावर कुजबूज सुरू झाली. "याची गाय एवढ्या उशिरानं कशी मेली?" "यानं चांगला पेंढा आधीच काढून ठिवला आसंल." "एवढं मोठ्यानं कबूल करतोय, म्हंजी याहून मोठं कायतरी दडवतोय." कारभाऱ्यानं एकदा उत्तर दिलं, दोनदा दिलं. मग त्याच्या लक्षात आलं, की प्रत्येक उत्तरातून नवा प्रश्न निघतो आणि बोलावं तितकं आपण अधिक खोटे दिसतो. त्या दिवशी त्याला म्हातारीचे पारावरचे ओले हात आठवले आणि तो खाली मान घालून घरी आला.

सकाळी त्यानं पवळीच्या आठ नख्या फडक्यात बांधल्या आणि नदी ओलांडली. पलीकडच्या गावाच्या खालच्या अंगाला धूर दिसला. दार बंद होतं. तो बाहेर उतरत्या उन्हात बसून राहिला. दहावा खडा पडल्यावर दार उघडलं.

"मावशी," तो म्हणाला. आजवर त्यानं तिला कधी मावशी म्हटलं नव्हतं. "पवळी गेली. तुमी सांगितलं तसंच निघालं. तीन दाने." त्यानं फडकं तिच्यापुढे ठेवलं. "चुकलो मी. तुमची झोपडी शाकारून ठिवलीय. परत चला."

म्हातारीनं फडकं सोडलं, एकेक नखी हातात घेऊन पाहिली. पवळीची ओळख होतीच तिला. तिचे डोळे भरले. मग तिनं विचारलं, "बाकीची गुरं?"

"वाचली."

"बरं झालं. अन् आता गाव काय म्हंतंय?"

कारभारी जरा घुटमळला. पण खोटं बोलायचा त्याचा स्वभाव नव्हता. "माझ्यावर संशय घेतंय, मावशी. म्हंतंय, मीच केलं जाणूनबुजून."

"मग दुखणं गेलं न्हाय, कारभारी," म्हातारी म्हणाली. "निस्ता गोठा बदलला."

"तुमी आलात तर..."

"मी आले, अन् उद्या कुणाचं वासरू अडलं, तर गाव पुन्हा कुणाच्या दाराकडं बघंल? मला खूर कळतो. मानसाचं मन कळत न्हाय. राग न्हाय माझा तुमच्यावर. तुमी कबूल तरी केलंत. पर डोक्यावर मडकं घिऊन गाव सोडायचं बळ मानसाला एकदाच असतं. ते माझं सरलंय."

तिनं त्याला थांबवून घेतलं आणि त्याच्यासमोर, दार लावून, आठव्या नखीची फणी केली. कारभाऱ्यानं ती नेऊन बायकोच्या हातात दिली. कारभारीण ती केसांतून फिरवायची नाही. दुपारी गोठ्यात जाऊन नुसती हातात धरून बसायची.

म्हातारी परत आली नाही. त्यानंतर त्या गावातलं जनावर मेलं, की नख्या घेऊन माणसाला नदी ओलांडावी लागे. जायला एक दिवस, दाखवायला एक, यायला एक. दोन वर्षांनी पुन्हा एक रोग आला. म्हातारीनं खूर बघताक्षणी तो ओळखला, उपाय सांगितला, निरोप्या धावत परत निघाला. तो वेशीत शिरला तेव्हा गावातले चाळीस बैल मरून पडले होते, आणि पारावर बसलेली माणसं, या वेळी हे कुणी केलं असेल, याचा विचार करत होती.

तेव्हा लहानांनी ऐकावं आणि मोठ्यांनी विसरू नये: दुखणं ज्याला आधी दिसतं त्यालाच जे गाव चोर ठरवतं, त्या गावाला दुखणं नेहमी मेल्यावरच कळतं.